उलट्या-जुलाबांची साथ: पहिला तास आणि शेवटचे दोन दिवस

उलट्या-जुलाबांची साथ रोखण्याचे प्रयत्न बहुतेक ठिकाणी उशिरा सुरू होतात आणि लवकर थांबतात. वसतिगृहे, वृद्धाश्रम, प्रवासी जहाजे, रुग्णालयांतील कक्ष अशा दाटीच्या जागी ही साथ पसरवण्यात ज्याचा वाटा सर्वांत मोठा असतो, तो नोरोव्हायरस या दोन्ही चुकांचा पुरेपूर फायदा घेतो. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावच्या एका प्राथमिक शाळेत १९६८ साली अशी साथ आली होती आणि तिथल्या नमुन्यांमध्ये १९७२ साली आल्बर्ट कापिकियन व त्यांच्या सहकाऱ्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू प्रथम दिसला. आज जगात दरवर्षी सुमारे ६८.५ कोटी लोकांना त्याची बाधा होते, असा अंदाज आहे.

लागण होण्यासाठी शंभराहूनही कमी विषाणूकण पुरतात, आणि रुग्णाच्या विष्ठेतून तर असे अब्जावधी कण बाहेर पडतात. या विषाणूभोवती स्निग्ध आवरण नसते. फ्लू किंवा कोरोनाच्या विषाणूचे असे आवरण अल्कोहोलने विस्कटते. इथे विस्कटायला तेच नसल्याने सॅनिटायझरचा प्रभाव फारच तोकडा पडतो. दारोदारी ठेवलेल्या त्या बाटल्या या साथीत संरक्षणापेक्षा दिलासाच अधिक देतात, असे म्हणावे लागेल. साबण लावून वाहत्या पाण्याखाली किमान वीस सेकंद हात चोळले, की विषाणू मरत नसला तरी हातावरून निघून जातो, आणि तेवढे पुरेसे असते.

खरी कसोटी लागते ती जेवणघराच्या फरशीवर कुणाला तरी पहिली उलटी होते तेव्हा. तिचे सूक्ष्म तुषार हवेत उडून आसपासच्या टेबलांवर, खुर्च्यांवर आणि उघड्या अन्नावरही बसतात, म्हणून माणसांना दूर करणे आणि तिथले उघडे अन्न टाकून देणे ही पहिली कामे. हातमोजे, मास्क, प्लास्टिकचा अंगरखा, टिपकागद, जाड पिशव्या, ब्लीच आणि मोजपात्र हे सामान एकाच डब्यात, सर्वांना ठाऊक असलेल्या जागी आधीपासून हवे. ते ऐनवेळी शोधेपर्यंत कुणीतरी साध्या फडक्याने फरशी पुसून विषाणू खोलीभर पसरवलेला असतो. आधी घाण टिपून घ्यावी आणि जागा साबणाच्या पाण्याने धुवावी, कारण सेंद्रिय घाणीत क्लोरीनची ताकद वाया जाते. त्यानंतर ५ टक्के क्लोरीन असलेले किमान २० मिलिलिटर ब्लीच मिसळून केलेले एक लिटर द्रावण लावून जागा निदान पाच मिनिटे ओली ठेवावी. हे द्रावण रोज ताजे करावे आणि त्यात आम्ल असलेला स्वच्छक कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

त्याच तासात एक वही उघडावी. कोण, कधी आजारी पडले आणि त्याआधी काय खाल्ले, एवढ्या नोंदींवरून बरेच उलगडते. लागण झाल्यापासून साधारण १२ ते ४८ तासांत लक्षणे दिसतात. त्यामुळे अनेक जण थोड्या काळात एकदमच आजारी पडले, तर संशय एखाद्या जेवणावर किंवा पाण्यावर जातो, आणि रुग्ण एक-दोन दिवसांच्या अंतराने वाढत गेले, तर विषाणू माणसाकडून माणसाकडे जात आहे असे समजावे. प्रयोगशाळेचा अहवाल निश्चितीसाठी उपयोगी असला, तरी उपाययोजना त्याच्यासाठी अडवून ठेवू नये.

या विषाणूवर नेमके औषध नाही आणि वापरात असलेली लसही नाही. जुलाब घडवणाऱ्या रोटाव्हायरस या दुसऱ्या विषाणूवरची लस इथे उपयोगी पडत नाही. जलसंजीवनी घोट-घोट देत राहणे हाच मुख्य उपचार असून, लहान मुले आणि वृद्ध यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

बहुतेक रुग्ण एक ते तीन दिवसांत बरे होतात, पण त्यांच्या विष्ठेतून विषाणू पुढे दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ बाहेर पडत राहू शकतो. म्हणून लक्षणे थांबल्यावरही किमान ४८ तास कामावर किंवा शाळेत परतू नये, असा सल्ला दिला जातो. स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांच्या बाबतीत तो काटेकोरपणे पाळला गेला पाहिजे. मात्र सुट्टीचा पगार कापला जाणार असेल, तर स्वयंपाकी आजार लपवून कामावर येण्याची शक्यता वाढते. त्यामुळे आजारपणाची पगारी रजा ही साथनियंत्रणाच्या सामानातच धरायला हवी.