पार्श्ववीथी

पार्श्ववीथी : मोठ्या दालनाच्या लांबीला समांतर जाणारा, खांबांच्या ओळीने मुख्य भागापासून वेगळा झालेला अरुंद भाग. मधल्या रुंद भागाला मध्यवीथी म्हणतात. युरोपीय भाषांतील यासाठीची संज्ञा ‘आला’ म्हणजे पंख या लॅटिन शब्दावरून आली आहे. नाट्यगृहातील खुर्च्यांच्या किंवा चर्चमधील बाकांच्या रांगांमधून जाणाऱ्या वाटेलाही तिकडे हाच शब्द वापरतात. वास्तुशास्त्रात मात्र खांबांची ओळ असल्याशिवाय पार्श्ववीथी होत नाही.

लाकडी तुळईच्या लांबीला मर्यादा असल्याने रुंद दालनावर छप्पर घालायचे, तर मध्ये खांब उभे करावे लागत आणि त्यातून दालनाचे तीन भाग पडत. सह्याद्रीतील चैत्यगृहे, म्हणजे स्तूप असलेली बौद्ध उपासनेची दालने, अखंड कातळात कोरलेली असल्याने तेथे ही गरज नव्हती, तरीही लाकडी बांधकामाची मांडणी तशीच उतरली. कारण भिंत व खांब यांमधील वाट स्तूपामागून वळसा घेऊन परत येते आणि तोच प्रदक्षिणापथ होतो.

इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात ही योजना सर्वांत स्पष्ट दिसते. सुमारे 38 मीटर लांबीच्या या दालनात 37 खांब आहेत. मध्यवीथी सुमारे 7.8 मीटर रुंद असून बाजूच्या वीथी खांबांची जाडी धरूनही प्रत्येकी जेमतेम 3 मीटर भरतात. दर्शनी भिंतीला तीन दारे आहेत : मधले मध्यवीथीत आणि कडेची दोन पार्श्ववीथींत उघडतात. डाव्या दाराने आत शिरून स्तूप उजव्या हाताला ठेवत मागून फिरले, की उजव्या दाराने बाहेर पडता येते. वर्दळ अशी कडेने गेल्यामुळे स्तूपासमोर बसलेल्यांच्या उपासनेत व्यत्यय येत नसे. दर्शनी कमानीतून येणारा उजेड मुख्यतः मध्यवीथीवर आणि स्तूपावर पडतो. खांबांआड अंधूकच राहते. तरीही दोन्ही बाजूंच्या पंधरा-पंधरा खांबांच्या शीर्षांवर मध्यवीथीकडे हत्ती आणि पाठीमागे घोडे व इतर प्राणी स्वारांसह कोरले आहेत. कडेने चालणाऱ्याचा विचार कोरक्यांनी आवर्जून केला होता, हे यावरून कळते. स्तूपामागील सात खांब मात्र साधे अष्टकोनी आहेत.

अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यात पार्श्ववीथीचे महत्त्व आणखी वाढले. तेथील महापरिनिर्वाणाचे भव्य शिल्प डाव्या पार्श्ववीथीच्या भिंतीवर आहे आणि ते पूर्ण पाहायचे तर त्याच वाटेने चालत जावे लागते.

रोमन बॅसिलिका या सार्वजनिक सभागृहांतही हीच रचना होती आणि पुढे ख्रिस्ती चर्चने ती स्वीकारली. पार्श्ववीथींचे छप्पर बुटके ठेवल्याने मध्यवीथीच्या भिंतीत वर खिडक्या काढता येत. पॅरिसच्या नोत्र दाम या चर्चमध्ये तर प्रत्येक बाजूला दोन-दोन पार्श्ववीथी आहेत. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलला पार्श्ववीथी आहेत. जवळच्याच बॉम जेझूस बॅसिलिका या चर्चमध्ये त्या नाहीत आणि तेथे शिरताच संपूर्ण दालन एका नजरेत येते.