२६ डॉलर आणि ३३३ डॉलर : टेक्सासच्या शाळांच्या निधीची पार्श्वभूमी

डॅलस-ह्यूस्टनकडे घर शोधणारी मराठी कुटुंबंही आधी स्कूल डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) कुठलं ते विचारतात. तिथल्या सरकारी शाळांचा बराचसा खर्च स्थानिक मालमत्ता करातून चालतो. घरं महाग असली की शाळेच्या हाती पैसा खेळतो.

१६ मे १९६८ रोजी सॅन अँटोनियोच्या पश्चिम भागातल्या एजवूड हायस्कूलमधली सुमारे ४०० मुलं वर्ग सोडून बाहेर पडली. त्यांना धड इमारत हवी होती आणि पात्र शिक्षक हवे होते. वस्ती बहुतांश मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची. त्याच उन्हाळ्यात डिमेट्रिओ रॉड्रिग्ज आणि इतर पालक कोर्टात गेले. रॉड्रिग्ज हवाई दलाच्या तळावर पत्र्याचं काम करत.

खटल्यातले १९६७-६८ चे आकडे आजही अस्वस्थ करतात. एजवूडमध्ये १०० डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर कर होता, त्याच शहरातल्या सधन अलामो हाइट्समध्ये ८५ सेंट. म्हणजे गरिबांचा दर जास्त. तरीही राज्याच्या शालेय निधी योजनेतला आपला वाटा भरून एजवूडकडे दर मुलामागे उरत २६ डॉलर, अलामो हाइट्सकडे ३३३. ही दरी राज्याने बुजवायला हवी होती. पण राज्याकडून एजवूडला मिळाले २२२ आणि अलामो हाइट्सला २२५!

१९७१ मध्ये फेडरल कोर्टात पालक जिंकले. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो निकाल फिरवला. शिक्षण हा अमेरिकी राज्यघटनेतला मूलभूत हक्क नाही, असं बहुमताने म्हटलं. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी त्याला कडाडून विरोध केला आणि माझ्या मते बरोबर तेच होते.

मग लढाई टेक्सासच्या स्वतःच्या राज्यघटनेवर आली. शाळांची ‘कार्यक्षम व्यवस्था’ उभारणं हे विधिमंडळाचं कर्तव्य आहे, असं तिच्यात लिहिलेलं आहे. १९८४ मध्ये एजवूड डिस्ट्रिक्टने नवा दावा लावला आणि १९८९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो मान्य केला. तोवर सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब डिस्ट्रिक्टच्या दर मुलामागच्या मालमत्तेत ७०० पटींची तफावत होती.

पुढचे दोन कायदेही कोर्टात टिकले नाहीत. १९९३ चा टिकला : श्रीमंत डिस्ट्रिक्टनी मर्यादेपलीकडचा कर राज्याच्या व्यवस्थेत भरायचा. लोकांनी त्याला ‘रॉबिन हूड’ नाव दिलं. आता अलामो हाइट्सही हा पैसा भरतं.