कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी येतं कुठून?

पावसाळ्यात गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते, स्प्रे गनमधून पाण्याचे थेंब उडतात, ताज्या रंगावर फोड येतात, आणि मग खापर रंगावर नाहीतर थिनरवर फुटतं. पाणी बहुतेक वेळा टाकीतून येत असतं, आणि टाकीत ते हवेबरोबर आपणच भरलेलं असतं.

हिशोब करून बघा. ३० अंश तापमानाला एक घनमीटर जागेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ राहू शकते, मग त्या जागेत हवा कितीही कोंबा, वाफेची मर्यादा जवळपास तेवढीच. जुलैत कोकणात ८० टक्के दमटपणा धरला तर घनमीटरमागे २४ ग्रॅम वाफ झाली. गेजवर ८ किलो (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर ८ किलो दाब) दिसतात तेव्हा बाहेरची साधारण ९ घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये बसलेली असते, म्हणजे २१६ ग्रॅम वाफ आत आली, आणि हवा थंड झाली की त्यातले ३० सोडून बाकी सगळ्याचं पाणी. साधा २ एचपीचा कॉम्प्रेसर तासभर सलग चालला तरी पाव लीटरच्या घरात जातं.

म्हणूनच फिल्टर टाकीला चिकटून लावला की पैसे वाया. तिथे हवा अजून गरम असते, पाणी वाफेच्या रूपातच फिल्टरमधून निघून जातं आणि पुढे पाइपात थंड होऊन थेंब बनतं. फिल्टर लांब, गनच्या बाजूला लावा, लाइनीला थोडा उतार द्या आणि प्रत्येक टॅपिंग (गनकडे जाणारा फाटा) मुख्य पाइपाच्या वरच्या अंगाने काढा, म्हणजे पाणी खालून सरळ पुढे जाईल. आणि लाइनीला पीव्हीसी पाइप कृपा करून वापरू नका, तो फुटला की त्याच्या धारदार चिपा उडतात.

टाकीखालचा ड्रेन कॉक रोज काम संपल्यावर उघडायचा, प्रेशर एक-दोन किलोवर आणून, म्हणजे उरलेली हवाच पाणी ढकलून बाहेर काढते. खाली पांढरं फडकं धरा. तांबूस डाग पडला तर टाकी आतून गंजतेय, दुधाळ पाणी आलं तर तेल वर चढतंय, आता पिस्टनच्या रिंगा बघायला हव्यात.

गंजाचं मात्र खरंच मनावर घ्या. पाणी तळाशी साचतं, पत्रा तिथेच आतून पातळ होत जातो आणि बाहेरचा रंग चकाचक दिसतो. २०० लीटरच्या टाकीत ८ किलोला सुमारे २ लाख ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे टनभर वजनाची गाडी ताशी ७० किलोमीटरने धावताना असते तेवढी, आणि टाकी फाटली तर ती एका क्षणात सुटते. त्यामुळे तळाला पिनहोल दिसलं की वेल्डिंगचा ठिगळ मारून घेऊ नका, एक भोक पडलं म्हणजे आजूबाजूचा पत्राही तसाच झालेला असतो. टाकीची टेस्टिंग पाणी भरून करतात तीही याचसाठी, पाणी दाबलं तरी फारसं आकसत नाही, म्हणून टेस्ट करताना टाकी फाटलीच तरी धडाका होत नाही. सेफ्टी व्हॉल्वची रिंग अधूनमधून ओढून बघा, आणि तो गळतो म्हणून कुणी त्यावर प्लग मारला असेल तर कॉम्प्रेसर चालूच करू नका.

आता नेहमीचा बिघाड. मोटर नुसती घूं करते, उचलत नाही. बरेच जण सरळ प्रेशर स्विच, म्हणजे दाबानुसार मोटर चालू-बंद करणारा स्विच, बदलतात. त्याआधी कान द्या, कट-ऑफ झाल्यावर, म्हणजे दाब भरून मोटर बंद पडल्यावर, स्विचखालच्या बारीक नळीतून एकदाच फुस्स होऊन शांत व्हायला पाहिजे. हवा येतच राहिली तर टाकीच्या तोंडाचा एनआरव्ही (हवा उलटी जाऊ न देणारा व्हॉल्व) बसत नाहीये, टाकीतली हवा उलटी पिस्टनवरच्या हेडकडे येतेय आणि पिस्टनला सुरुवातीलाच भार घेऊन फिरावं लागतंय. टाकी पूर्ण रिकामी करा, मेन स्विच बंद, एनआरव्ही खोला, आतला कार्बन पुसा, सीट खराब असेल तर बदला. फुस्स झालंच नाही तर मात्र स्विचवरचा अनलोडर, म्हणजे ती फुस्स हवा सोडणारा छोटा व्हॉल्व, अडकलाय. आणि दोन्ही ठीक असतील तर कपॅसिटर आणि व्होल्टेज तपासा, गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडलं की धडधाकट मोटरही अशीच अडते.