हत्तीपायाच्या जंताच्या आत राहणारा जीवाणू : थोडी मागची हकीकत

सिंधुदुर्गात हत्तीपाय म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रात्री उशिरा टॉर्च घेऊन दारात येणारे आरोग्य खात्याचे लोक, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर घेतलेला रक्ताचा थेंब, जंतावरच्या डीईसी या औषधाच्या गोळ्या, सगळं जुन्या माणसांना पाठ आहे. रात्रीच का, तर जंताची पिल्लं साधारण दहा ते दोनच्या दरम्यान रक्तात जास्त उतरतात आणि गटारात, संडासाच्या टाकीत वाढणारा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. पण या जंताच्या शरीरात एक जीवाणू राहतो आणि तो नसेल तर मादीला पिल्लंच होत नाहीत, ही गोष्ट गावात अजून पोचलेली दिसत नाही.

जंत तसा जुना माहितीतला. १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमोथी लुईसने माणसाच्या रक्तात ही पिल्लं पाहिली, १८७७ मध्ये पॅट्रिक मॅन्सनने चीनमध्ये डासाचा संबंध दाखवला. जीवाणूची गोष्ट मात्र वेगळ्याच वाटेने आली. १९२४ मध्ये अमेरिकेत हर्टिग आणि वोल्बाक या दोघांना तो क्युलेक्स डासातच सापडला, १९३६ मध्ये त्याला वोल्बाकिया नाव मिळालं आणि कितीतरी वर्षं तो फक्त कीटकांवर काम करणाऱ्यांचा विषय राहिला.

१९७० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली फायलेरियाच्या, म्हणजे हत्तीपाय आणि तसले रोग करणाऱ्या, जंताच्या पेशींमध्ये बॅक्टेरियासारखे ठिपके दिसले होते, म्हणजे त्वचेखालच्या पट्ट्यांमध्ये आणि मादीच्या अंडाशयात, पुढे अंड्यात, आईकडून पिल्लांकडे जाणारे. पाहिलं, छापलं, आणि विषय जवळजवळ तिथेच थांबला, याचं मला खरंच वाईट वाटतं कारण सूज घेऊन जगणारी माणसं तेव्हाही होतीच. १९९० च्या दशकात डीएनए तपासून कळलं की हे ठिपके म्हणजे वोल्बाकियाच.

मग १९९९ मध्ये हॉराउफ आणि सहकाऱ्यांनी उंदरांमधल्या फायलेरियावर टेट्रासायक्लिन हे जीवाणू मारणारं औषध वापरून पाहिलं. जंत खुजे राहिले, माद्या वांझ झाल्या. आणि यातला सगळ्यात पटणारा भाग हा की ज्या जातीच्या जंतात वोल्बाकिया मुळात नसतोच त्यावर तेच औषध चाललं नाही, म्हणजे औषध जंताला नाही तर त्याच्या आतल्या जीवाणूला लागत होतं. पुढच्याच वर्षी घानामध्ये नदीकाठच्या अंधत्वाच्या (हा रोगही फायलेरियाच्याच एका जंतामुळे होतो) रोग्यांना सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन हे त्याच गटातलं औषध दिल्यावर तिथेही माद्यांची पिल्लं थांबली.

असं का होतं याचा अंदाज २००५ मध्ये आला. ब्रुगिया मलायी या फायलेरियाच्याच जंतातल्या वोल्बाकियाचा सुमारे ११ लाख अक्षरांचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचला गेला आणि दिसलं की हीम (लोह असलेला एक गरजेचा रेणू) आणि रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) बनवायची सोय जीवाणूकडे आहे, जंताकडे हीम बनवायची पूर्ण यंत्रणा नाही. बदल्यात जीवाणूला अमिनो आम्लं जंताकडून मिळतात असं मानतात. डासातून माणसात शिरल्यावर पहिल्या काही दिवसांतच जीवाणूंची संख्या भराभर वाढते, म्हणजे वाढीलाही तो लागतो आणि वंशालाही.

त्याच वर्षी टांझानियात आठ आठवडे डॉक्सिसायक्लिन देऊन आपल्याकडच्याच जातीचे, वुचेरेरियाचे, मोठे जंतही मरतात हे दिसलं. डीईसी पिल्लं झपाट्याने कमी करते पण मोठे जंत सगळे मरतीलच असं नाही, म्हणून ही बातमी मोठी होती. शिवाय ज्यांच्या रक्तात पिल्लं जास्त त्यांना डीईसीनंतर जो ताप येतो, ज्याला घाबरून आपल्याकडे लोक गोळी गालात धरून नंतर थुंकतात, त्यात मरणाऱ्या जंतातून बाहेर पडणाऱ्या वोल्बाकियाचाही हात असतो असं संशोधन सांगतं. तो ताप बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत उतरतो.

मग गावोगाव डॉक्सिसायक्लिनच का वाटत नाहीत? गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ते देत नाहीत, आणि रोज गोळी, तीही कित्येक आठवडे, अख्ख्या गावाला खायला लावणं शक्य नाही. त्यामुळे सध्या वोल्बाकियाला थोड्या दिवसांत मारणारं औषध शोधायचं काम चालू आहे.