रोज जवळ बाळगायची, न मिटणारी छोटी सुरी कशी निवडावी

सुरी घ्यायला येणारे बहुतेक ग्राहक आधी विचारतात, "पोलाद कोणतं आहे?" आमचे सांगणे असे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा. रोजची म्हणून घेतलेली सुरी खणात पडून राहते, त्यात पोलादाचा दोष क्वचितच असतो. बसताना ती कुशीला टोचते, म्यानातून काढायला दोन्ही हात लागतात किंवा खोके कापताना अर्ध्यावर अडकते. म्हणून या पत्रकात काम, अंगावरची जागा, म्यान, मूठ, पाते आणि मग पोलाद असा क्रम घेतला आहे.

न मिटणाऱ्या सुरीला सांधा नसतो, खटका नसतो. सैल व्हायला किंवा अचानक मिटून बोटावर यायला तिच्यात काही नाही, आणि पाण्याखाली धरून पुसली की ती स्वच्छ होते. पण तिला म्यान लागते आणि ती जागा जास्त अडवते. खिशात नुसती टाकायला हवी असेल, तर मिटणारा चाकूच घ्या.

काम आणि लांबी

गेल्या आठवड्यात तुम्ही काय काय कापले ते आठवा. बहुतेकांच्या यादीत पुठ्ठ्याची खोकी, चिकटपट्टी, सुतळी, प्लास्टिकचे बंद, पोत्याची शिवण आणि एखादे फळ निघते. एवढ्याला ६५ ते ८५ मिमी पाते पुरते. ६० मिमीच्या खाली गेलात तर फळ एका कापात दुभागत नाही. १०० मिमीच्या वर गेलात तर मुठीसकट लांबी २०० मिमी ओलांडते, आणि खुर्चीत बसल्यावर ती जाणवू लागते. लाकूड फोडणे, डबे उचकटणे ही या सुरीची कामे नव्हेत. टोक तुटलेल्या सुऱ्यांमागे बहुतेक वेळा उचकटणेच असते.

अंगावर कुठे?

पट्ट्याला उभी लावलेली सुरी काढायला सोपी, पण वाहनात बसल्यावर म्यानाचे टोक आसनाला टेकते आणि मूठ बरगडीत घुसते. दिवसातला बराच वेळ बसून जात असेल तर पोटाच्या बाजूला, बेंबी आणि कमरेचे हाड यांच्या मध्ये, आडवी लावा. बरोबर पाठीच्या कण्यावर कधीही लावू नका. मागे पडलात तर कठीण मूठ थेट मणक्यावर येते.

खिशात ठेवायची असेल तर म्यानाला खिशाच्या काठाला धरणारी क्लिप किंवा आकडा हवा, नाहीतर सुरीबरोबर म्यानही बाहेर येते.

गळ्यात अडकवायची असल्यास म्यानासह वजन ७० ग्रॅमच्या आत ठेवा. साखळी मणीदार किंवा झटक्याने सुटणाऱ्या जोडाची असावी. पॅराकॉर्ड (पॅराशूटच्या दोरीसारखी नायलॉनची मजबूत दोरी) इथे वापरू नका. ५५० जातीच्या पॅराकॉर्डची ताकद सुमारे २५० किलो असते, म्हणजे ती यंत्रात किंवा फांदीत अडकली तर तुटणार नाही.

सुरी जवळ बाळगण्याचे नियम ठिकाणागणिक वेगळे असतात. पात्याची लांबी, उघड की झाकून, सार्वजनिक ठिकाणी परवानगी आहे का, हे घेण्याआधी पाहून घ्या. विमानात हातातल्या सामानात ती नेता येत नाही.

म्यान

निम्मा निर्णय इथेच होतो, तरी सगळ्यात कमी लक्ष यालाच दिले जाते. कायडेक्स हे गरम करून आकार दिलेले कडक प्लास्टिक आहे. ते ओले झाले तरी बिघडत नाही आणि सुरी 'खट्' करून बसते. त्यात रेतीचे कण अडकले तर पात्यावर ओरखडे पडतात, म्हणून तळाशी पाणी निघून जाणारे छिद्र आहे ना ते बघा आणि अधूनमधून धुवा. उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या म्यानाची पकड ढिली होऊ शकते.

चामडे अंगाला मऊ लागते आणि आवाज करत नाही. मात्र ते ओल धरून ठेवते. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले चामडे घ्या. क्रोमने कमावलेल्या चामड्यातले क्षार पात्याला गंज आणू शकतात. शिवणीच्या आत चामड्याची जास्तीची पट्टी असायला हवी, नाहीतर धार रोज थोडा थोडा दोराच कापत राहते.

दुकानात तीन गोष्टी करून पाहा. म्यान उलटे धरून गादीवर किंवा उशीवर जोराने झटका. सुरी सुटता कामा नये. मग एकाच हाताने, अंगठ्याने म्यानाचा काठ ढकलत ती काढून पाहा. नुसती ओढून काढावी लागत असेल तर सुटताना हाताला झटका बसतो, आणि कापले जाते ते तेव्हाच. शेवटी सुरी परत ठेवताना दुसऱ्या हाताची बोटे म्यानाच्या तोंडाभोवती येतात का ते बघा. येत असतील तर म्यान आखूड आहे. परत ठेवताना नेहमी तोंडाकडे पाहा आणि पात्याची पाठ म्यानाला टेकवून सरकवा. तुमच्या पट्ट्याची रुंदीही मोजून आणा. ३८ मिमीच्या पट्ट्यासाठी केलेला फास ३० मिमीच्या पट्ट्यावर डुलत राहतो.

मूठ

चारही बोटे मावायला ९० ते १०० मिमी लांबी लागते. ७० ते ७५ मिमीच्या मुठीवर तीनच बोटे बसतात. हलक्या कामाला ते चालते, पण जोर लावताना करंगळीचा आधार सुटतो. पाते आणि मूठ यांच्यामध्ये बोट अडेल असा उंचवटा किंवा खाच असलीच पाहिजे, कारण ओल्या हाताने टोक टोचताना बोटे पुढे धारेवर घसरतात. मूठ घट्ट धरून अर्धा मिनिट दाबा. तळव्यावर कुठे रेघ उमटली तर ती कड गोल केलेली नाही, आणि वीस खोक्यांनंतर तिथेच फोड येईल. मायकार्टा (कापडाचे थर राळेत दाबून केलेली) मूठ ओली झाल्यावरही चांगली धरता येते. जी-१० (काचतंतूंचे थर राळेत दाबून केलेली) टिकाऊ, पण फार खरखरीत असेल तर कपडे झिजवते. लाकूड सुंदर दिसते, त्याला तेल लागते.

पाते

कापण्याचा गुण जाडीत आणि उतारात असतो. ३ मिमी जाड, २५ मिमी रुंद पाते पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतरवले तर दोन्ही बाजूंमधला कोन सुमारे ६ ते ७ अंश येतो. ४ मिमी जाड पाते फक्त खालच्या १० मिमीत उतरवले तर तो २० अंशांच्या पुढे जातो. धार कितीही तीक्ष्ण असली तरी असे पाते जाड पुठ्ठ्यात पाचरीसारखे अडकते. पाठ २ ते ३ मिमी आणि धारेच्या लगेच वरची जाडी ०.३ ते ०.५ मिमी असेल तर रोजच्या कामाला उत्तम. व्हर्नियर (बारीक जाडी मोजायचे साधन) मागा, आम्ही मोजून दाखवतो.

टोक पाठीकडून पात्याच्या मध्यरेषेकडे किंचित उतरलेले असावे. ते सर्व कामांना चालते. फक्त खोकी आणि बंदच कापायचे असतील तर सरळ धारेचे पाते जास्त सोयीचे.

पोलाद

आता पोलाद. घाम, पाऊस, गळ्यात किंवा कमरेला लागून वापर असेल तर १४सी२८एन किंवा एईबी-एल या जातींचे स्टेनलेस पोलाद घ्या. दोन्हींत क्रोमियम सुमारे १३ ते १४ टक्के असते, कण बारीक असतात, आणि साध्या दगडावरही धार पटकन येते. १०९५ आणि ५२१०० ही कार्बन पोलादे धार छान घेतात, पण पुसून तेलाचा हात न लावल्यास एका रात्रीत डाग धरतात. डी२ जातीच्या पोलादामध्ये क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असूनही त्यातला बराच भाग कार्बाइडमध्ये (कार्बनशी जोडलेल्या कठीण कणांत) अडकलेला असतो, त्यामुळे त्याला गंज चढतो. ते 'स्टेनलेस' म्हणून घेऊ नका. पोलादाच्या नावाइतकेच महत्त्व त्याला पाणी कसे दिले आहे (तापवून व थंड करून कडक कसे केले आहे) याला असते. रॉकवेल सी मापावर ५८ ते ६१ कडकपणा असावा. त्यापेक्षा मऊ असेल तर धार दुमडते, आणि फार कडक असेल तर बारीक धारेचे कण उडतात.

धार राखणे

प्रत्येक बाजूला १५ ते २० अंश कोन ठेवा. १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे कणांच्या बारीकपणाचा आकडा) दगडावर एक बाजू घासत राहा. दुसऱ्या बाजूला धारेच्या पूर्ण लांबीवर बोटाला बारीक खरखर लागली की बाजू बदला. मग हलक्या हाताने आळीपाळीने घासून ती खरखर काढा, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाठीच्या दिशेने दहा-पंधरा वेळा ओढा. दर वेळी घासताना धार पात्यात वर, जाड भागाकडे सरकते. काही वर्षांनी धारेमागची जाडी ०.७ मिमीच्या पुढे गेली, की कागद कापणारी सुरीही पुठ्ठ्यात अडकू लागते. अशा वेळी नुसती धार लावून उपयोग होत नाही. पात्याच्या बाजूच घासून पातळ कराव्या लागतात. ते यंत्रावर करायचे झाले तर पाते थंड ठेवत, थोडे थोडे घासावे. धार निळी पडली तर तिथला कडकपणा गेला, आणि तेवढा भाग काढूनच टाकावा लागतो.