बी, शेत आणि पिशवी : प्रजननसंस्थेच्या ज्ञानामागचा इतिहास

अमळनेर तालुक्यातील एका गावात भरलेल्या आरोग्य शिबिरात गर्भाशयाची प्लॅस्टिकची प्रतिकृती बायकांमध्ये हातोहात फिरत होती. साठीकडे झुकलेल्या एका बाईंनी ती तळहातावर घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "इतलीच शे का पिशवी?" चार बाळंतपणे झालेल्या त्या बाईंना आपल्या गर्भाशयाचा आकार त्या दिवशी प्रथमच कळला. गर्भ नसताना ते जेमतेम साडेसात सेंटीमीटर लांब आणि वरच्या बाजूला पाच सेंटीमीटर रुंद असते, म्हणजे एका पेरूएवढे.

खान्देशात, आणि तसे पाहिले तर महाराष्ट्रभर, या अवयवाला 'पिशवी' म्हणतात. पिशवीत दुसऱ्याने आणलेली वस्तू ठेवायची असते. तिच्यात स्वतःचे काही तयार होत नाही. या शब्दामागे एक फार जुनी समजूत उभी आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीला क्षेत्र आणि पुरुषाला बीज म्हटले आहे, तर ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने अपत्याला घडण देण्याचे काम पुरुषाकडे आणि नुसता कच्चा माल पुरवण्याचे काम स्त्रीकडे दिले होते. शेतीच्या मुलखात ही उपमा सहज रुजली, याचे मला राहून राहून नवल वाटते. कारण शहाद्याकडच्या पपई उत्पादकांना तरी नर झाड आणि मादी झाड वेगळे असते हे चांगले ठाऊक होते. जुन्या वाणांत फूल येईपर्यंत झाड ओळखता येत नसे, आणि जास्तीचे नर उपटताना थोडे परागणासाठी मुद्दाम राखावे लागत.

आयुर्वेदाची भूमिका मात्र निराळी होती. गर्भ शुक्र (पुरुषाचे बीज) आणि आर्तव (स्त्रीचे रज) या दोहोंपासून होतो असे तेथे मानले गेले, आणि सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीरावरच्या भागात, केस, हाडे, नखे, दात पित्याकडून, तर मांस, रक्त, हृदय, यकृत असे मृदू भाग मातेकडून येतात अशी वाटणीही दिली आहे. त्याच ग्रंथात प्रेत गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे आणि मग एकेक थर खरवडून आतले अवयव डोळ्यांनी पाहावेत, अशी रीत सांगितली आहे. योनी शंखाच्या नाभीसारखी तीन वेढ्यांची असून तिसऱ्या वेढ्यात गर्भशय्या असते आणि तिचा आकार रोहित माशाच्या तोंडासारखा असतो, हे वर्णन वाचताना लिहिणाऱ्याने काहीतरी प्रत्यक्ष पाहिले असावे असे वाटते. पुढे शवविच्छेदनाची परंपरा खंडित झाली आणि ज्ञान पाठांतरापुरते उरले.

युरोपातही वाट सरळ नव्हती. प्राण्यांच्या विच्छेदनावर भिस्त ठेवणाऱ्या गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याने स्त्रीचे अवयव म्हणजे आत वळलेले पुरुषाचेच अवयव असे लिहिले, आणि तेराशे वर्षे ते प्रमाण मानले गेले. अंडाशयांनाही 'स्त्रीचे वृषण' असेच म्हणत. 1543 मध्ये व्हेसॅलियसने मानवी देहावरून शरीररचना पुन्हा लिहिली. 1561 मध्ये फॅलोपियसने गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंच्या, सुमारे दहा ते बारा सेंटीमीटर लांबीच्या अंडवाहिन्यांचे वर्णन केले आणि कर्ण्यासारख्या टोकामुळे त्यांना तुतारीचे नाव दिले. 1672 मध्ये डी ग्राफने अंडाशयातील पुटिका, म्हणजे ज्यांत अंडे वाढते त्या बारीक पिशव्या, दाखवल्या. त्यांनाच तो अंडी समजला. 1677 मध्ये लेव्हेनहुकला सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजंतू दिसले, आणि या शोधाने जुन्या समजुतीला उलट बळ दिले. शुक्रजंतूच्या डोक्यात अंग मुडपून बसलेला इवलासा माणूस असावा, असे चित्र 1694 मध्ये हार्टसूकरने काढले. बी आणि शेत हीच उपमा आता विज्ञानाच्या वेषात आली होती.

तिला तडा गेला तो 1827 मध्ये, कार्ल अर्न्स्ट फॉन बेअरला कुत्रीच्या अंडाशयात खरे अंडे सापडले तेव्हा. स्त्रीचे अंडे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे असते. नजर तीक्ष्ण असेल तर साध्या डोळ्यालाही ठिपक्यासारखे दिसते, आणि तरी ते सापडायला शुक्रजंतूनंतर दीडशे वर्षे लागली. 1876 मध्ये हर्टविगने समुद्री साळू या काटेरी सागरी प्राण्याच्या अंड्यात अंडे आणि शुक्रजंतू यांच्या केंद्रकांचा संयोग पाहिला. 1905 मध्ये नेटी स्टीव्हन्स यांनी एका भुंगेऱ्याच्या अभ्यासातून दाखवले की अपत्याचे लिंग शुक्रजंतूतील गुणसूत्रावर ठरते. आंडोर (मुलगा) होईल की आंडेर (मुलगी), हे आईच्या हाती नसते. आपल्याकडे मात्र लागोपाठ मुली झाल्या की बोल तिलाच लागत आला.

भारतात आधुनिक पद्धतीचे शवविच्छेदन 1836 मध्ये कोलकात्यात मधुसूदन गुप्त यांनी केले, आणि 1845 मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. तरी ते ज्ञान इंग्रजीत आणि पुरुष डॉक्टरांपाशी राहिले. सर्वसामान्य मराठी वाचकांपुढे हा विषय उघडपणे मांडला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिल्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि 1934 मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले.

भाषेतली तूट अजून भरलेली नाही. मूल न होणाऱ्या स्त्रीसाठी 'वांझ' हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी आहे, मूल झाले की 'कूस उजवली' म्हणतात. पण ज्या पुरुषाच्या वीर्यात शुक्रजंतूच नाहीत त्याच्यासाठी बोलीत शब्द नाही. शुक्रजंतू वृषणात बनतात, पूर्ण घडायला त्यांना दोन महिन्यांहून अधिक काळ लागतो, आणि पुढे ते वृषणाला लागून असलेल्या अधिवृषणाच्या सुमारे सहा मीटर लांब, गुंडाळलेल्या नळीतून सरकत पक्व होतात. वीर्याचा बहुतेक भाग मात्र शुक्राशय आणि पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथी यांतून येतो. म्हणूनच वीर्य नेहमीसारखे दिसूनही त्यात शुक्रजंतू नसू शकतात. नसबंदीत केवळ शुक्रवाहिनी बांधतात. वृषणातील संप्रेरक थेट रक्तात जाते, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर 'कमजोरी' येते या समजुतीला शरीररचनेत आधार नाही.

शिबिरातली ती प्रतिकृती शेवटी चाळिशीच्या आतल्या एका बाईंच्या हाती आली. त्यांची पिशवी तीन वर्षांपूर्वी काढली होती. दोन्ही बाजूंच्या बदामाएवढ्या पांढऱ्या गाठींवर बोट ठेवून त्यांनी विचारले, "या पण काढल्या असतील का?" अंडाशय मागे ठेवले असतील तर त्यांचे संप्रेरक सहसा पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत मिळत राहते, काढले असतील तर ते एकाएकी थांबते आणि हाडे लवकर ठिसूळ होऊ लागतात. नर्सताईंनी त्यांना दवाखान्याचे सुटीचे कागद घेऊन यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्या बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद घेऊन आल्या, आणि त्यातली 'दोन्ही अंडाशय राखले' या अर्थाची इंग्रजी ओळ ताईंनी त्यांना दोनदा वाचून दाखवली.