रात्रभर भिजवलेले कॉफी ओट्स

चपटे ओट्स दूध, दही आणि कॉफीत कालवून रात्री फ्रिजमध्ये ठेवायचे आणि सकाळी न शिजवता, गारच खायचे, असा हा न्याहारीचा पदार्थ. बोलताना सगळे ‘ओव्हरनाइट ओट्स’ म्हणतात. कॉफी घातली की नुसते ‘कॉफी ओट्स’. रात्री पाच मिनिटांचे काम, सकाळी फक्त झाकण उघडायचे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर जातो आणि सकाळीच स्वयंपाकघर तापायला लागते. त्या दिवसांत, किंवा पहाटे उठून पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस गाठायची असेल तेव्हा, गॅस न पेटवता होणारी ही न्याहारी कामी येते. मात्र त्याच उन्हाळ्यात ती सर्वांत जास्त सांभाळावीही लागते.

न शिजवता ओट्स कसे खायचे, ही शंका बहुतेकांना येते. तिचे उत्तर दूध-पोह्यांत आहे. साळ भिजवून, भाजून, चेपून पोहे होतात. दाणा आधीच उष्णता खाऊन बसलेला असतो, म्हणून गार दुधातही तो मऊ पडतो. ओट्सचे तसेच आहे. टरफल काढलेला दाणा कारखान्यात वाफवतात आणि रुळांखाली चपटा करतात. वाफेने त्यातला स्टार्च काही अंशी फुलतो आणि दाण्यातल्या तेलाला खवट करणारे लायपेज हे विकर निकामी होते. पोहे पातळ, ते काही मिनिटांत भिजतात. ओट्सची पाकळी जाड आणि कोंड्यासकट, त्यामुळे तिला तास लागतात. ज्वारीच्या पिठाचे असे होत नाही. आंबील रात्रभर भिजवली तरी सकाळी शिजवावी लागते, कारण पीठ कच्चेच असते. रात्री कालवलेले म्हणून ‘शिळे’ असा आक्षेप घरातली मोठी माणसे घेतात. पदार्थ मुळात शिजलेलाच नाही आणि रात्रभर थंडीत असतो, तेव्हा शिळ्या भाताशी त्याची तुलना लागू पडत नाही. फ्रिज बंद पडला तर मात्र त्यांचेच म्हणणे खरे.

ज्यांच्याकडे दुभती जनावरे आहेत त्यांना ओट हे रब्बीतले चाऱ्याचे पीक म्हणून माहीत असते. वनस्पती तीच, पाकिटातला दाणा मात्र सोललेला, वाफवलेला आणि चेपलेला.

भिजवलेल्या ओट्सचा मूळ प्रकार स्वित्झर्लंडचा. झुरिकमधले डॉक्टर माक्सिमिलियान बिर्शेर-बेन्नर (1867–1939) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या रुग्णांना तो देत. एक मोठा चमचा ओट्स तीन चमचे पाण्यात बारा तास भिजवायचे, मग त्यात लिंबाचा रस, आटवलेले दूध, सालीसकट किसलेले सफरचंद आणि सुकामेवा घालायचा. तिथे सफरचंद मुख्य होते, ओट्स नावाला. कॉफी ही नंतरची भर.

एका माणसाचे प्रमाण असे: रोल्ड ओट्स 40 ग्रॅम (दीडशे मिलीच्या वाटीने पाऊण वाटीला किंचित कमी), तापवून गार केलेले दूध 120 मिली, अधमुरे दही 2 मोठे चमचे, इन्स्टंट कॉफी 2 ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा जरा शीग भरून, कोमट पाणी 2 मोठे चमचे, साखर चहाचे 2 चमचे, चिमूटभर मीठ. वर जायफळ, खडबडीत किसणीवर दोनदा घासले की होईल इतकेच. मराठी घरात कॉफीत जायफळ घालण्याची रीत जुनी आहे आणि गार कॉफीत ते गरम कॉफीपेक्षाही खुलते. पण जास्त झाले तर औषधी वास येतो. मिठाने पदार्थ खारट होत नाही, कॉफीचा कडूपणा तेवढा बोथट होतो.

आधी कॉफी आणि साखर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवावी. सगळ्यांत जास्त चुका याच पायरीवर होतात. कॉफीची पूड थेट गार दुधात टाकली तर ती वर तरंगते, तिचे काळे ठिपके होतात आणि सकाळी प्रत्येक ठिपका दाताखाली कडू लागतो. विरघळलेली कॉफी बोटाला गार लागेपर्यंत थांबावे. गरम कॉफी दह्या-दुधावर ओतली की दूध फाटते, कारण कॉफी आणि दही दोन्ही आंबट आणि वर उष्णता. मग बरणीत दूध, दही, मीठ आणि कॉफी एकजीव करून ओट्स शेवटी घालावेत. ओट्स आधी टाकून वरून दूध ओतले तर तळाशी कोरडी गुठळी राहते. ढवळून पाच मिनिटांनी पुन्हा एकदा ढवळावे; तोवर तळाचे ओट्स थोडे ओले झालेले असतात आणि या दुसऱ्या ढवळण्याने ते सुटतात. रात्री मिश्रण ताकाइतके पातळ दिसायला हवे. तेव्हाच ते दाट दिसले तर सकाळी चमचा उभा राहील.

चव रात्रीच घेऊन पाहावी आणि ती जराशी जास्त गोड, जराशी जास्त कडक वाटायला हवी. थंडीने गोडी कमी लागते आणि ओट्स चव शोषून घेतात. प्यायच्या कॉफीच्या मापाने केलेले कॉफी ओट्स सकाळी नुसते तपकिरी दूध लागतात.

सोलापुरात कन्नड आणि तेलुगू बोलणारी घरे पुष्कळ, आणि त्यांतल्या अनेक स्वयंपाकघरांत स्टीलचा किंवा पितळी कॉफी फिल्टर असतो. तो असेल तर इन्स्टंट कॉफीच्या वाटेला जाऊ नये. वरच्या भांड्यात 3 मोठे चमचे कॉफी पूड हलकी दाबून, उकळीला आलेले 100 मिली पाणी ओतावे. पंधरा-वीस मिनिटांत डिकॉक्शन खाली उतरते. त्यातले 30 ते 40 मिली एका बरणीला पुरते, आणि मग वेगळे कोमट पाणी घालायचे नाही. संध्याकाळच्या कॉफीतून उरलेले डिकॉक्शनही चालते. चिकोरी किती आहे ते पाकिटावर छापलेले असते. चिकोरीने रंग आणि दाटपणा येतो, पण जळक्या गुळासारखा कडवटपणाही येतो; चिकोरी जास्त असेल तर कॉफी वाढवून चव सुधारत नाही, कडू मात्र होते.

ओट्स कोणते घ्यायचे, हा प्रश्न किराणा दुकानातच सुटायला हवा. पाकिटावर ‘रोल्ड’ लिहिलेले हवेत. ‘इन्स्टंट’ किंवा ‘क्विक’ ओट्स बारीक आणि पातळ. चार तासांत त्यांची खळ होते. तेच घरात असतील तर दूध दोन चमचे कमी घालून, झोपायच्या अगदी आधी कालवावेत. ‘स्टील-कट’ म्हणजे चेपण्याऐवजी कापलेला दाणा. तो रात्रभरात नीट मऊ पडत नाही, कचकच लागतो. मसाला ओट्सचे पाकीट चुकून हाताला लागले तर कांदा-लसणाच्या कॉफीला उपाय नाही. उघडलेले पाकीट उन्हाळ्यात ओट्यावर राहिले की आधी त्याला खवट वास येतो, मग सोंडे होतात. ते घट्ट झाकणाच्या डब्यात, जमल्यास फ्रिजमध्ये ठेवावे. खवट ओट्स कॉफीच्या वासाखाली लपतात. चव मात्र लपत नाही.

दूध सुट्टे असेल तर तापवून, पूर्ण गार करून, साय काढून घ्यावे. साय राहिली तर फ्रिजमध्ये तिचे तुपकट कण होतात. उन्हाळ्यात दही दुपारपर्यंत आंबते. आंबट दही आणि कॉफी हे जोडपे जमत नाही. दही नकोच असेल तर तेवढेच दूध वाढवावे, फक्त मऊ मलईदार पोत मिळणार नाही.

सब्जा की चिया, यात गल्लत होते. सब्जा म्हणजे फालुद्यातला, दहा-पंधरा मिनिटांत फुलणारा, भोवती जाड पारदर्शक थर धरणारा. चिया वेगळ्या झाडाचे बी, सावकाश आणि सारखे फुलणारे. दोन्ही चालतात. एक चहाचा चमचा चिया किंवा अर्धा चमचा सब्जा घातला तर दूध दोन मोठे चमचे वाढवावे. बेदाणे घातले तर तेही रात्रभर दूध पितात. दहा-बारा बेदाण्यांना आणखी एक चमचा दूध. गूळ चालतो, पण चिरून आधी कोमट पाण्यात कॉफीबरोबर विरघळवून, गाळून. नाहीतर तळाशी रेव लागते.

सकाळी घालायच्या गोष्टी सकाळीच घालाव्यात. केळे रात्री कापले तर काळे पडते. डाळिंबाचे दाणे रात्री घातले तर रस सुटून मिश्रण आंबट होते, रंगही मळकट दिसतो. सांगोला-पंढरपूरच्या डाळिंबांचा जिल्हा असल्याने हाताशी चांगले फळ असते, ते सकाळी मूठभर वरून टाकावे. कॉफीशी सगळ्यांत चांगले जमते ते भाजलेल्या शेंगदाण्याचे जाडसर कूट. बिनमिठाचे, अर्थातच, चटणीची शेंग इथे नको.

भिजायला किमान सहा तास लागतात, आठ ते दहा उत्तम. चोवीस तासांनंतर ओट्स अधिक गिळगिळीत होतात. याला कारण त्यांतले बीटा-ग्लुकन हे विद्राव्य तंतू, जे पाणी धरून घट्ट जेलीसारखे होतात. हे तंतू कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतात, म्हणून ओट्सची ख्याती. चिकटपणा त्याच गुणाची दुसरी बाजू. फळ न घालता बरणी तीन दिवस टिकते. आठवड्याच्या एकदम पाच बरण्या करून ठेवण्याचा उत्साह टाळावा, शेवटच्या दोन खाववत नाहीत.

फ्रिज 5 अंशांच्या खाली हवा आणि बरणी दारात न ठेवता आत, मागच्या बाजूला ठेवावी. वीज गेली तर न उघडलेला फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो. त्याहून जास्त वेळ गेली असेल आणि बरणी हाताला गार लागत नसेल तर ती टाकून द्यावी. मे महिन्यात ओट्यावर रात्रभर ठेवणे तर सोडूनच द्यावे, दुधाचे नासके व्हायला तेवढे पुरते. डबा न्यायचा असेल तर 32 अंशांच्या वरच्या उन्हात तासाभरात खाऊन संपवावा. बरणीभोवती ओला सोलापुरी नॅपकिन गुंडाळला तर कोरड्या हवेत बाष्पीभवनाने थोडा गारवा टिकतो, पण बर्फाच्या पिशवीची सर त्याला येत नाही.

भांडे काचेचे किंवा स्टीलचे, 300 ते 350 मिलीचे, वर थोडी जागा मोकळी. प्लास्टिकला कॉफीचा वास कायमचा लागतो. कल्हई नसलेली पितळ-तांब्याची भांडी दह्यामुळे अजिबात नकोत.

वरच्या प्रमाणात कॅफीन सुमारे 60 मिलिग्रॅम असते आणि गार केल्याने ते कमी होत नाही, म्हणून लहान मुलांसाठी कॉफीऐवजी कोको घालावा. गर्भवतींना दिवसभराचे मिळून 200 मिलिग्रॅमपर्यंतच कॅफीन घेण्याचा सल्ला दिला जातो. चहा त्यात धरावा. कॉफी अन्नातल्या लोहाचे शोषण कमी करते, तेव्हा रक्त कमी असल्याने लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या या न्याहारीबरोबर घेऊ नयेत. ओट्समध्ये गव्हाची भेसळ कारखान्यात सहज होते. ज्यांना ग्लुटेन वर्ज्य आहे त्यांनी तसा उल्लेख असलेलेच पाकीट घ्यावे.

खाताना मिश्रण फार घट्ट वाटले तर दोन चमचे गार दूध घालून ढवळावे. फार पातळ असेल तर एक चमचा ओट्स घालून अर्धा तास थांबावे. रिकामी बरणी लगेच पाण्याने भरून ठेवावी. वाळलेले ओट्स काचेला खळीसारखे धरतात आणि मग घासणीने घासूनही गळ्यापाशी त्यांची कड राहते.